एकोणचाळीस की त्रेचाळीस? जीपच्या पुढच्या गोळ्याची गोष्ट

आमच्या जीपला मागे सीटा नाहीत, हौदा आहे. आधीच्या मालकाने कधीतरी मागचा पत्रा कापून लोखंडी हौदा बसवून घेतला, तेव्हापासून गावात तिला कुणी जीप म्हणत नाही. थट्टेने का होईना, ‘ट्रक’च म्हणतात. गाडी महिंद्राची एमएम ५४०. प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन, गिअरच्या दांड्याशेजारी फोर व्हीलचे, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर द्यायचे, दोन छोटे दांडे. आमचं शेत भोरहून वरंधा घाटाकडे जाताना डाव्या अंगाच्या डोंगरात आहे. पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टरसुद्धा कुरकुरत चढतो. इंद्रायणीची पोती खाली आणायची, शेणखत वर न्यायचं, यासाठी अण्णांनी ही गाडी घेतली. फोर व्हील हवीच, हा त्यांचा हट्ट होता आणि तो बरोबर होता.

पहिला पावसाळा बरा गेला. चिखलात फोर व्हील टाकली की गाडी चढायची, पण कशी तरी नाखुशीने. स्टिअरिंग जड व्हायचं आणि पुढून कुणीतरी हात लावून अडवतंय असं वाटायचं. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, असेल. दिवाळीनंतर ग्रामपंचायतीने चढाचा अर्धा रस्ता सिमेंटचा केला आणि तिथे खरा घोळ सुरू झाला. मातीतून सिमेंटवर आलो की फोर व्हीलचा दांडा निघायचा नाही. दोन हातांनी ओढा, पायाने लाथ मारा, ढिम्म. मग गाडी दहा-पंधरा फूट रिव्हर्स घेतली की आतून ‘खाड्’ असा आवाज यायचा आणि दांडा आपोआप सैल पडायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, आज काहीतरी तुटलं.

कोरड्या, घट्ट रस्त्यावर अशा गाडीत फोर व्हील टाकायची नसते, हे मला माहीत होतं. हिच्या ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं. पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (तिथून चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा) एकमेकांना घट्ट बांधल्यासारखे फिरतात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, तो ताण कुठेतरी साठतो आणि दांडा आवळला जातो. पण तो वळणावर. आमची गाडी सरळ रस्त्यावर वीस पावलांत आवळायची.

मी ती एका मोठ्या गॅरेजात नेली. त्यांनी ट्रान्स्फर केस उघडली, दोन गिअर बदलले, बेअरिंगं बदलली, साडेचौदा हजारांचं बिल हातात ठेवलं. गाडी घेऊन चढावर आलो. वीस पावलं. खाड्.

आमचे भोरचे मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. आयुष्यभर जीप आणि ट्रेकर उघडण्यात गेलं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, खाली वाकूनही बघितलं नाही. पोराला म्हणाले, “खडू आण रे.” मग मला, “भाऊ, घेताना दात मोजले होते का?”

मला वाटलं चेष्टा करतायत. बैल घेताना दात बघतात, जीपचे कसले?

त्यांनी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण हे कुणालाही घरच्या अंगणात करता येतं आणि एक पैसा लागत नाही. गाडी न्यूट्रलला ठेवली, फोर व्हीलचा दांडा सोडवला, चाकांना दगड लावले. मागचं एकच चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवरच. उचललेल्या चाकावर एक खडूची रेघ, प्रॉपेलर शाफ्टवर एक रेघ. मी चाक हाताने फिरवायचं आणि पोराने गाडीखाली आडवं पडून शाफ्टचे फेरे मोजायचे. एक चाक जखडलेलं असताना दुसऱ्या चाकाचे दोन फेरे झाले की आतल्या मोठ्या गिअरचा, म्हणजे क्राऊन व्हीलचा, एक फेरा होतो, ॲक्सलमधल्या डिफरन्शियलची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या जुळणीची, रचनाच तशी आहे. म्हणून चाकाचे सोळा फेरे म्हणजे क्राऊनचे आठ. शाफ्टच्या टोकाला क्राऊन फिरवणारा लहान गिअर असतो, पिनियन; हिच्या पिनियनला दात आठ. म्हणजे सोळा फेऱ्यांत शाफ्ट जितका फिरेल, तितके क्राऊनला दात. भागाकार नाही, गुणाकार नाही.

मागचं चाक सोळा वेळा फिरवलं. गाडीखालून पोराचा आवाज आला, “एकोणचाळीस!”

जॅक पुढे नेला. आमच्या गाडीला पुढे फ्री व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारे हब) नाहीत, त्यामुळे चाक फिरलं की शाफ्ट फिरतोच. पुन्हा सोळा. “त्रेचाळीस!”

मी म्हटलं, चुकला असशील, परत मोज. परत त्रेचाळीस. मिस्त्री खडू पुसत होते. म्हणाले, “गाडीला बाप दोन आहेत.”

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. मागचं गुणोत्तर ३९ भागिले ८, म्हणजे ४.८८. पुढचं ४३ भागिले ८, म्हणजे ५.३८. अंगणात टायर एक फेरा लोळवून मोजला होता, २ मीटर २६ सेंटिमीटर भरला. शंभर मीटर जायला चाकाला ४४ फेरे आणि वर थोडं. तेवढ्यात मागच्या शाफ्टला २१६ फेरे लागतात, पुढच्याला २३८. आणि हे दोन शाफ्ट फोर व्हीलमध्ये एकमेकांना बांधलेले. बावीस फेऱ्यांचा हा फरक जाणार कुठे? चिखलात चाक घसरून जातो, म्हणून पावसाळ्यात गाडी चालली. सिमेंटवर घसरायला जागा नाही, म्हणून तो सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि दांड्यात साठत होता. मागची चाकं शंभर मीटर गेली की पुढच्यांना नव्वद-एक्क्याण्णव मीटरच जायचं असायचं. म्हणजे वर्षभर आमची पुढची चाकं गाडी ओढत नव्हती, ब्रेक लावत होती. फोर व्हीलच्या नावाखाली मी टू व्हीलला लोढणं बांधून डोंगर चढत होतो.

हे झालं कसं, ते मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी पुढचं ॲक्सल हाताने चाचपून सांगितलं. ते मुळात या गाडीचं नव्हतंच, कुठल्या तरी पेट्रोल जीपचं होतं. आधीच्या मालकाने ठोकलेली गाडी उभी करताना मिळालं ते बसवलं. बाहेरून बसतं ना! पाटे जुळतात, गोळा उजव्या अंगालाच येतो, शाफ्टही लागतो. (डिफरन्शियलला आमच्या घरात पहिल्यापासून गोळाच म्हणतात, मीही इथे तेच लिहिणार.)

या आकड्यांना इतिहास आहे, तो मला फार आवडला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ४.८८ चं गुणोत्तर होतं. युद्ध संपलं, १९४५ मध्ये तीच जीप शेतकऱ्यांसाठी म्हणून सीजे-२ए नावाने आली, तेव्हा ते ५.३८ केलं. नांगर ओढायचा तर वेग कमी आणि जोर जास्त हवा, हा साधा विचार. १९५३ च्या सीजे-३बीलाही ५.३८ च. अमेरिकेत ती १९६८ ला बंद झाली, पण आपल्याकडे महिंद्राने तो साचा पुढे कितीतरी वर्षं चालवला. तेव्हा आमच्या एकाच गाडीत पुढे शेतकरी होता आणि मागे शिपाई, नि दोघांची चाल जुळत नव्हती.

आता प्रश्न उरला: बदलायचं कुठलं?

अण्णांचं मत लगेच तयार. “मागचा त्रेचाळीसचा कर. आपल्याला जोर पाहिजे, वेग घेऊन काय करतोस?” म्हणणं चुकीचं नव्हतं. हौद्यात पंधरा पोती घेऊन चढ चढताना दहा टक्के जास्त जोर म्हणजे चेष्टा नाही. पण हीच गाडी आठवड्यातून एकदा पुण्याला गुलटेकडीला जाते. टॉप गिअरला, इंजिनाचे तीन हजार फेरे धरले, तर ३९ च्या क्राऊनवर ताशी ८३ किलोमीटर पडतात, ४३ वर ७६. हे इंजिन तीन हजारांवर गेलं की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. कात्रजच्या बोगद्यात मागून ट्रक हॉर्न मारत असताना ते सात किलोमीटर फार मोलाचे असतात. शिवाय चढाला माझ्याकडे लो गिअरचा दांडा आहेच. जोर तिथून मिळतो, वेग मात्र कुठूनच मिळत नाही.

दुसरं कारण रोकडं होतं. मागचं ॲक्सल मोठं, डाना ४४ च्या जातीचं. पुढचं त्याहून लहान. दोघांचे क्राऊन वेगवेगळ्या मापाचे, इकडचा तिकडे चालत नाही. मागचा गोळा आवाज करत नव्हता, तेल स्वच्छ होतं. चालू घर मोडायचं आणि पडकं ठेवायचं, हे मला पटेना.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या वाडीतले एक काका म्हणाले, “ट्रॅक्टरला पुढची चाकं लहान नि मागची मोठी, तरी फोर व्हील चालतंच की! तू टायर बदल.” वरवर हसण्यासारखं आहे, पण मी हिशोब करून बघितला. ट्रॅक्टरची आतली गुणोत्तरं त्या लहान-मोठ्या चाकांसाठीच ठरवलेली असतात आणि पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त पळतील अशी ठेवतात, म्हणजे ती ओढतात. आमच्यात उलटं, पुढची मागे राहणारी. जुळवायचं तर पुढे २८ इंचांऐवजी ३१ इंचांचा टायर घालावा लागला असता. मागे लहान, पुढे मोठे. गावाने ट्रक म्हणणं सोडून दुसरंच काही नाव ठेवलं असतं.

माझा एक मित्र नवीन थार घेऊन गडकिल्ल्यांच्या वाटा तुडवतो. त्याचं म्हणणं, गोळा उघडतोच आहेस तर पुढे लॉकर टाक. त्याच्या थारला मागे आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल आहे, त्यामुळे एक चाक हवेत गेलं तरी गाडी निघते. साध्या, उघड्या डिफरन्शियलची खोड खरीच आहे: दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, म्हणून एक चाक शेवाळावर भिरभिरलं की दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण जोर पोचतो. दोन रात्री मी त्या मोहात होतो. मिस्त्रींनी एका वाक्यात उतरवला. “पुढे लॉक केलं की दोन्ही चाकं सारखीच फिरणार, मग वळवणार कशी?” आमच्या वाटेला चार आखूड वळणं आहेत, त्यातल्या दोन वळणांच्या खाली ओढा. पॉवर स्टिअरिंग नाही. शिवाय पुढच्या शाफ्टना सांधे असतात, चाक वळलेलं असताना सगळा जोर त्या एकाच सांध्यावर आला तर आधी तोच जाणार. लॉकर कधी टाकलाच तर मागे टाकू, पुढचा गोळा साधाच राहू दे, असं ठरलं. पैसे वाचले याचाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

तर ठरलं: पुढे साधा गोळा, दात ३९ आणि ८.

रविवारी पुण्याला जुन्या बाजारात गेलो. एका विक्रेत्याकडे पुढचा क्राऊन मिळाला, काठावर ३९-८ असं कोरलेलं स्पष्ट दिसत होतं. पिनियन त्याने दुसऱ्या ढिगातून काढून दिला. आठ दात, चकचकीत. मी पैसे काढणार तेवढ्यात मिस्त्रींनी फोनवर सांगितलेलं आठवलं, म्हणून दोन्ही वस्तू उन्हात धरून बघितल्या. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार करतात आणि दोघांवर एकच जोडीचा नंबर कोरतात. क्राऊनवर वेगळा नंबर होता, पिनियनवर वेगळा. विक्रेता म्हणाला, “साहेब, दात सारखेच आहेत, बसून जाईल.” बसून जातं हे खरं. मग दोन महिने रडतं आणि एक दिवस दात थुंकतं. मी चहा पिऊन परत आलो.

शेवटी साताऱ्याच्या अलीकडे एका भंगारवाल्याकडे अख्खं पुढचं ॲक्सल सापडलं. अपघातात त्याची लांब नळी वाकलेली, म्हणून ॲक्सल म्हणून कुणी घेत नव्हतं. मला नळी नकोच होती, पोटातली जोडी हवी होती. पण झाकणाचे बोल्ट गंजून बसलेले, उघडून बघायची सोय नाही. मी खिशातून खडू काढला. एका बाजूचा फ्लँज, म्हणजे चाक बसतं ती चकती, भंगारवाल्याच्या माणसाला दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगितला, दुसरा मी फिरवू लागलो. नळी वाकलेली असल्यामुळे शाफ्ट एका जागी अडत-अडत फिरत होता. सोळा फेरे. एकोणचाळीस. तो माणूस माझ्याकडे असा बघत होता की हा जादूटोण्यातला आहे. सात हजारांना सौदा झाला, ॲक्सल हौद्यात टाकलं आणि खंबाटकी ओलांडताना मी गाणं म्हणत होतो.

आता बसवणं. जीपच्या पुढच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल वेगळं काढून बाकावर ठेवता येत नाही. हौसिंगच्या पोटातच सगळं जुळवायचं असतं. दोन्ही चाकं, हब, आतले शाफ्ट, सगळं बाहेर. काळं ग्रीस कोपरापर्यंत. झाकण उघडलं तेव्हा जुन्या क्राऊनच्या काठावर ४३-८ असं स्वच्छ कोरलेलं होतं. वर्षभर ते आत फिरत होतं आणि मी ट्रान्स्फर केसवर साडेचौदा हजार घालून बसलो होतो.

बेअरिंगं आणि सीलं नवी घेतली. पिनियन किती आत बसायचा हे त्याच्या बेअरिंगच्या कपामागे घातलेल्या शिमांवर ठरतं, आणि शिम म्हणजे कागदासारखा पातळ पत्रा. पहिली जुळणी झाल्यावर मिस्त्रींनी मला बाजारात पिटाळलं. “शेंदूर आण. मारुतीला लावतात तो.” मला वाटलं पूजा करणार. त्यांनी शेंदूर वाटीत तेलात कालवला आणि ब्रशने क्राऊनच्या आठ-दहा दातांना फासला. मग पिनियन हाताने फिरवला. जिथे दाताला दात घासतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि चकचकीत ठसा उमटतो. तो ठसा दाताच्या मधोमध हवा. आमचा पहिला ठसा दाताच्या वरच्या कडेला आला, म्हणजे पिनियन लांब राहिला. सगळं काढलं, कप ठोकून बाहेर, पाच थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) शिम वाढवला, परत जुळवलं. आता ठसा खाली, दाताच्या मुळाशी. जास्त झालं. परत काढलं. दोन थाऊ कमी. तिसऱ्या खेपेला ठसा मध्ये आला, लांबट, तांदळाच्या दाण्यासारखा.

मी खूश झालो, मिस्त्री नाही. ते दाताची दुसरी बाजू बघत होते. मला तोवर माहीत नव्हतं, की मागचं आणि पुढचं डिफरन्शियल एकाच घडणीचं असलं तरी पुढचं उलटं तोंड करून बसतं. त्यामुळे गाडी पुढे जाताना मागच्या गोळ्यात दाताच्या ज्या अंगावर जोर येतो, पुढच्यात त्याच्या विरुद्ध अंगावर येतो. अशा गाड्यांचा पुढचा गोळा जन्मभर डावखुरा राबतो. म्हणून ठसा त्या अंगाला आधी बघायचा. तिथेही दाणा मधेच होता, किंचित आतल्या टोकाकडे. मिस्त्रींनी क्राऊन जरासा बाजूला सरकवला, फडक्यात गुंडाळलेला डायल गेज काढला, दातांमधली ढील मोजली. सहा थाऊ. “झाकण लाव,” म्हणाले. पोराने नव्वद नंबरचं तेल ओतलं. हातावरचा शेंदूर दोन दिवस निघाला नाही. घरी आई म्हणाली, “कुठल्या देवाला गेला होतास?”

गाडी जमिनीवर उतरवायच्या आधी मी परत जॅक लावून घेतला. सोळा. पोरगा वैतागला होता, पण मोजले त्याने. एकोणचाळीस.

चढावर गेलो तेव्हा नेमका पाऊस नव्हता, रस्ता कोरडा. मातीच्या भागात फोर व्हील टाकली. पहिला फरक हातांना कळला: स्टिअरिंग हलकं. गाडी पुढून ओढली जात होती, तोवर मला ती चाल माहीतच नव्हती. वर सिमेंटवर आलो, थांबलो, दांड्याला दोन बोटं लावली. आला.

बिलाची बेरीज सांगतो, कुणाला उपयोगी पडेल: ॲक्सल सात हजार, बेअरिंगं-सीलं साडेपाच, मिस्त्रींची मजुरी चार, शेंदूर वीस रुपये. ट्रान्स्फर केसचे साडेचौदा हजार यात धरलेले नाहीत, ते मी विसरायचा प्रयत्न करतोय.

जुनी ४३ ची जोडी मी तेल लावून पोत्यात गुंडाळून गोठ्यात ठेवली होती. परवा महाडकडून एक गृहस्थ आले, मिस्त्रींनी पाठवलेले. त्यांच्याकडे वडिलांची पेट्रोल जीप आहे, पुढचा क्राऊन फुटलाय, आणि ते सहा महिने त्रेचाळीसच शोधतायत. मी पोतं सोडलं, जोडीचे दोन्ही नंबर उन्हात दाखवले. त्यांनी ते नीट वाचले, मान डोलावली, आणि तरीही गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून एकेका दातावर बोट ठेवत मोजायला सुरुवात केली. मी आत जाऊन चहा टाकला. परत आलो तेव्हा एकतीसवर होते.